पिकायची वाट पाहिलेला डोळा: निपाणी भागातलं एक प्रकरण

वय 63. राहणार निपाणीजवळचं एक खेडं. बरीच वर्षं तंबाखूच्या वखारीत चाळणीवर काम, आता घरी बसून वाकळा शिवणं. दमा जुना, मधुमेह दोन वर्षांपूर्वी सापडलेला. तक्रार अशी: डावा डोळा लालभडक, ठणका सहन होत नाही, अर्धं डोकं फुटायला आलंय आणि दोन दिवस उलट्या थांबत नाहीत. घरच्यांनी पित्त समजून लिंबू-सोडा दिला, गावातल्या दवाखान्यात उलटीचं इंजेक्शनही झालं. डोळा लाल आहे हे सगळ्यांनाच दिसत होतं. पण मे महिना, धूळ आणि जागरण ही तीन कारणं आयती हाताशी होती. उलटी आणि डोळा यांचा संबंध कुणी जोडला नाही, आणि तो सहसा जोडला जातही नाही.

आमच्या तपासणीत डाव्या डोळ्याचा दाब 48 निघाला. तो 10 ते 21 च्या दरम्यान असायला हवा. बुबुळ (डोळ्याची पुढची पारदर्शक काच) धुरकट झालेलं, बाहुली अर्धवट मोठी होऊन तशीच थिजलेली, आणि तिच्यामागे पांढरंशुभ्र भिंग, म्हणजे पूर्ण पिकलेला मोतीबिंदू. बोटं मोजता येत नव्हती, डोळ्यासमोर हात हलतोय एवढंच कळत होतं.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण म्हणजे आक्कांची पिशवी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, सोयीसाठी ‘आक्का’च म्हणतो, आमच्याकडेही सगळे तसंच म्हणायचे.) या पिशवीत सात वर्षांचे कागद होते. शाळेत झालेल्या शिबिराचं कन्नड कार्ड, कोल्हापूरच्या चष्मेवाल्याची चिठ्ठी, बेळगावच्या तपासणीचा कागद, रक्ताचे रिपोर्ट. सीमाभागातल्या घरात असे कागद तीन भाषांत असतात आणि घरातला कुणीच तिन्ही धड वाचत नाही. पण ते ओळीने मांडले की मोतीबिंदू कसा वाढतो ते वर्षागणिक दिसत जातं. दवाखान्यात आम्हाला बहुतेक वेळा शेवटचं पानच बघायला मिळतं.

पहिला कागद, वय 56

शिबिराचं कार्ड. दोन्ही डोळ्यांची दूरची नजर 6/9 (निरोगी डोळ्याला 9 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवरून दिसणं; खालचा आकडा मोठा तितकी नजर कमी), जवळचा नंबर +2.50. शेरा: दोन्हीकडे भिंगाच्या गाभ्यात सुरुवातीचा बदल. आक्कांना यातलं काहीच सांगितलं गेलं नव्हतं, आणि तेव्हा करण्यासारखंही काही नव्हतं. या वयात असा शेरा बऱ्याच कार्डांवर येतो.

गाभ्यात बदल का होतो? डोळ्यातलं भिंग जन्मभर वाढत राहतं. बाहेरच्या कडेने नवे तंतू तयार होतात, पण जुने झडत नाहीत. आक्कांच्या वखारीत थप्पीवर नवी पोती चढत जातात आणि तळाची पोती दबून कडक, काळपट होतात, तसे आतले तंतू गाभ्याकडे दाबले जातात. भिंगाचा साधारण तिसरा हिस्सा प्रथिनांचा, बाकी बहुतेक पाणी. ही प्रथिनं ठरावीक शिस्तीत बसलेली असतात म्हणूनच भिंग पारदर्शक राहतं. भिंगात रक्तवाहिनी नाही, गाभ्यातल्या पेशींत केंद्रकही नाही, त्यामुळे बिघडलेलं प्रथिन काढून नवं घालायची सोयच नाही. अल्फा क्रिस्टॅलिन नावाचं प्रथिन बिघडलेल्या शेजाऱ्यांना सांभाळून धरतं, त्यांचे गोळे होऊ देत नाही. वय वाढतं तसा हा साठा संपत जातो. ऊन, विडी-सिगारेटचा धूर आणि साखर त्याला घाई करतात.

आक्कांनी कधी विडी ओढली नाही. मिश्री लावायच्या. वखारीतल्या धुळीने त्यांचं जे नुकसान केलं ते छातीचं केलं आणि डोळ्यांपर्यंत आडवाटेने पोचलं. ते पुढे येतंच.

दुसरा कागद, वय 58: नजर ‘सुधारली’

चष्मेवाल्याची चिठ्ठी. उजवा –2.50, डावा –3.00, चष्म्याने दोन्ही 6/9. जवळच्या नंबराच्या जागी रेघ मारलेली.

दोन वर्षांत दूरचा नंबर उणेकडे गेला आणि जवळचा चष्मा सुटला. आक्कांच्या भाषेत, “डोळं परत आलं की हो माझं! बिनचष्म्याची सुई ओवत होते.” वाकळेचा धावदोरा त्या पुन्हा बारीक घालू लागल्या. शेजारणींनी देवीला नारळ फोडायला सांगितला आणि तो फोडलाही गेला.

मला विचाराल तर मोतीबिंदूचा सगळ्यात फसवा टप्पा हाच. गाभा घट्ट झाला की भिंगाची प्रकाश वळवण्याची ताकद वाढते आणि डोळा जवळच्या वस्तूंसाठी आपोआप जुळतो. चाळिशीनंतर लागलेला चष्मा साठीच्या अलीकडे-पलीकडे अचानक सुटला तर तो आनंद जपून करावा, कारण भिंग आतून बदलत असल्याची ती खूण असते. शिवाय या टप्प्यावर चष्म्याने काम भागतं, ऑपरेशनची गरज नसते. म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि पुढची तपासणी राहून जाते. आक्कांच्या पिशवीत यानंतर दोन वर्षं एकही कागद नाही.

तिसरा कागद, वय 60: ऊन आणि गोळ्या

या मधल्या काळात दमा वाढला होता. जवळच्या डॉक्टरांनी धाप लागली की चार-पाच दिवस घ्यायला म्हणून स्टिरॉइडच्या बारीक गोळ्या दिल्या होत्या. गोळ्यांनी चटकन आराम पडला. मग चिठ्ठी जुनीच राहिली आणि गोळ्या मेडिकलमधून येत राहिल्या. “धाप लागली की एक, नाही लागली तरी लागू नये म्हणून एक,” असा हिशोब. डॉक्टरांची चूक काढायला मला जागा दिसत नाही. चिठ्ठीवर दिवस स्पष्ट लिहिले होते.

तोंडाने दीर्घकाळ घेतलेलं स्टिरॉइड भिंगाच्या मागच्या आवरणालगत एक वेगळ्या जातीचा डाग तयार करतं. गाभ्याचा मोतीबिंदू वर्षानुवर्षं रेंगाळतो, हा मात्र काही महिन्यांत पुढे सरकतो. आणि तो नेमका मधोमध बसतो. उन्हात बाहुली बारीक होते, तेव्हा सगळा प्रकाश त्या डागातूनच आत जातो. म्हणून आक्कांना दुपारी उसाच्या बांधावरून चालताना पांढरा झगझगाट दिसायचा आणि दिवेलागणीला बरं दिसायचं. घरचे म्हणायचे, “संध्याकाळी तर सगळं दिसतंय, दुपारचंच कसं दिसत नाही?” त्यांना ते कामाचा कंटाळा वाटायचं. जवळचं वाचताना, शिवतानाही बाहुली बारीक होते. त्यामुळे परत आलेली सुई पुन्हा हातातून गेली.

या कागदावर चष्म्यासह उजवा 6/18, डावा 6/36 आहे.

रंगांबद्दल आक्कांनी कधी तक्रार केली नाही. कुणीच करत नाही. पिवळसर झालेलं भिंग निळा प्रकाश अडवतं, पण इतक्या हळू की माणसाला पत्ता लागत नाही. गडद निळं इरकल त्यांना काळं वाटत होतं आणि घरात कुणाशी त्यावरून वाद व्हायचं कारणच पडलं नाही.

चौथा कागद, वय 61: “पिकू दे की”

हा कागद बेळगावचा. डावा डोळा: एक मीटरवरून बोटं मोजता येतात. उजवा 6/24. रक्तातली साखर उपाशीपोटी 236, म्हणजे मधुमेह, जो स्टिरॉइडने आणखी चढवलेला असणार. सल्ला स्पष्ट लिहिला आहे: साखर आटोक्यात आणून डाव्या डोळ्याचं ऑपरेशन.

ते दोन वर्षं झालं नाही. आधी ऊसतोड होती. मग नातीचं लग्न. मग सौंदत्तीची जत्रा. मग उन्हाळा आला, आणि उन्हाळ्यात डोळ्याला हत्यार लावत नाहीत असं घरातल्या थोरल्या दिराचं मत. निपाणीहून कोल्हापूर जवळ आणि बेळगाव लांब, पण रेशनकार्ड कर्नाटकचं. फुकट कुठे होईल आणि कागद कुठले लागतील याची चौकशी करण्यात आणखी काही महिने गेले. पण या सगळ्याच्या मुळाशी एकच पक्की समजूत होती: मोतीबिंदू अजून पिकला नाही, कच्चा काढला तर नजर जाते.

या समजुतीला अडाणीपणा म्हणून उडवून लावणारे डॉक्टर मी पाहिलेत. मला ते पटत नाही, कारण ती डॉक्टरांनीच रुजवलेली आहे आणि तिच्या काळात ती बरोबर होती. या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना बिळगीचे डॉ. एम. सी. मोदी आठवतात. गावोगाव शिबिरं भरवून एका दिवसात 833 मोतीबिंदू काढल्याची नोंद त्यांच्या नावावर आहे. त्या काळी भिंग काढून टाकत, पण त्या जागी दुसरं बसवत नसत. रुग्णाला साधारण +10 नंबरचा जाड चष्मा मिळे. त्यातून वस्तू पाव हिश्श्याने मोठ्या आणि कडेला वाकड्या दिसत. एका डोळ्याने थोडं बरं दिसत असताना दुसऱ्याचं ऑपरेशन केलं तर दोन डोळ्यांना दोन आकार दिसत आणि मेंदूला ते जुळवता येत नसत. म्हणून नजर पार गेल्यावरच हात घालायचा हा शहाणपणा होता. शिवाय त्या पद्धतीने पिकलेला मोतीबिंदू काढणं सोपं पडायचं.

लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी 1949 मध्ये डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये 1992 पासून भिंगं बनू लागली आणि ती खेड्यातल्या माणसाच्या आवाक्यात आली. तेव्हापासून हिशोब उलटा झाला. आज कडक, काळपट झालेला गाभा फोडायला जास्त ताकद लागते, बुबुळाला जास्त इजा होते. आता प्रश्न एवढाच की या डोळ्याने रोजचं काम अडतंय का. अडत असेल तर वेळ झाली. ही बातमी मात्र बांधावर पोचलेली नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 पासून चालू आहे, तरी 2015–19 च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या माणसांच्या अंधत्वात 66.2 टक्के वाटा न काढलेल्या मोतीबिंदूचाच निघाला.

आणखी एक गोष्ट आक्कांना थांबू देत होती, ती म्हणजे उजवा डोळा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईटाचं सगळं झाकून नेतो. डावा किती गेलाय हे त्यांना कळलं ते योगायोगाने. तंबाखू झटकताना उजव्यात कचरा गेला, त्यावर पदर धरला, आणि समोर उभा असलेला नातू दिसेना. नुसता उजेड. हे डोळा ठणकायला लागण्याच्या आधी सहाएक महिने. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या मते आता तो पिकला होता आणि सुगी आटोपली की जायचंच होतं.

मे महिन्यातले ते दोन दिवस

पूर्ण पांढरा झालेला मोतीबिंदू तसाच शांत बसत नाही. त्याचे बाहेरचे तंतू फुटतात, पाणी ओढतात आणि भिंग फुगतं. मधुमेहात हे लवकर होतं, कारण जास्तीच्या साखरेचं भिंगात सॉर्बिटॉल होतं, ते बाहेर पडत नाही आणि पाणी मात्र आत खेचत राहतं. फुगलेलं भिंग आयरिसला, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला, मागून पुढे ढकलतं. डोळ्यातलं पाणी निचरा होऊन जायची वाट आयरिस आणि बुबुळ यांच्या कोपऱ्यात असते. तो कोपराच मिटतो. पाणी तयार होत राहतं, जायला जागा नाही, दाब चढतो. तो आतडी पिळवटणाऱ्या उलट्या आणतो म्हणूनच पित्ताची गफलत होते.

कुणी म्हणेल, हा साधा काचबिंदूचा (डोळ्याच्या ठेवणीमुळेच कोपरा मिटून दाब चढण्याचा) झटका कशावरून नाही? आम्ही उजवा डोळा तपासला. त्याचा कोपरा उघडा होता, बुबुळामागची जागा खोल होती. दोन डोळ्यांची ठेवण सहसा सारखी असते. म्हणजे डाव्यात आड आलं ते भिंगच.

उपचारातली एक अडचण सांगण्याजोगी आहे. दाब उतरवायला टिमोलॉलचे थेंब सगळीकडे पहिले हाताशी येतात. दम्याच्या रुग्णाला ते धोक्याचे, श्वासनळ्या आवळतात. आक्कांनी दम्याचं आपणहून सांगितलं नव्हतं (“डोळ्याचं विचारताय, छातीचं कशाला सांगू?”), पिशवीतल्या गोळ्यांच्या पाकिटामुळे ते कळलं. ब्रिमोनिडिनचे थेंब, शिरेतून मॅनिटॉल आणि अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या यांवर भागवलं. गोळ्यांनी बोटांना मुंग्या आल्या तेव्हा लकवा येतोय म्हणून सगळं घर घाबरलं. तसं होणार हे आधी सांगितलं होतं, पण सांगितलं होतं ते मुलाला, आणि मुलगा तेव्हा साखर तपासायचा रिपोर्ट आणायला गेला होता.

दाब 22 वर आल्यावर, बुबुळ जरा निवळल्यावर ऑपरेशन. डोळ्याच्या मागचा, चित्र उमटवणारा आतला पडदा दिसत नसल्याने त्याआधी सोनोग्राफी केली. पडदा जागेवर होता. चारी बाजूंनी टॉर्च दाखवून उजेड कुठून येतोय ते विचारलं. नाकाच्या बाजूचा उजेड आक्कांना ओळखता आला नाही. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला दणका बसल्याचा तो पहिला इशारा, आणि तो आम्ही ऑपरेशनच्या आधीच मुलाला व आक्कांना, दोघांनाही, सांगितला: डोळ्याचा ठणका नक्की जाईल, नजर किती येईल ते भिंगावर नाही, नसेवर आहे.

फुगलेल्या भिंगाचं आवरण ताणलेलं असतं. ते दिसावं म्हणून निळ्या रंगाने रंगवतात आणि पहिला टोचा मारल्यावर कधी ते एका फटक्यात दोन्ही कडांपर्यंत फाटतं. निळ्या आवरणात मधोमध पांढरी फट दिसते म्हणून सर्जन मंडळी त्याला अर्जेंटिनाचा झेंडा म्हणतात. इथे तो फडकला नाही. फुगलेलं पाणी आधी सुईने ओढून घेतलं होतं. छोट्या बोगद्याच्या, बिनटाक्याच्या पद्धतीने तपकिरी गाभा बाहेर काढला, भिंग बसवलं.

दोन डोळे, दोन निकाल

डाव्या डोळ्याला सहा आठवड्यांनी नजर 6/36 मिळाली. भिंग स्वच्छ, जागेवर. मागची नस फिकी पडलेली. दोन वर्षांपूर्वी हाच डोळा आला असता तर 6/9 न मिळायला काही कारण नव्हतं.

उजव्याचं ऑपरेशन त्यानंतर लगेच, फेकोने (बारीक छेदातून ध्वनिलहरींनी गाभा फोडून), घडीचं भिंग घालून. इथे एक निर्णय आक्कांचा होता. एकाच अंतराचं भिंग बसवायचं तर दूरचं बिनचष्म्याचं दिसेल किंवा जवळचं. सुई आठवून त्या जवळचं मागतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “सुई काय, नात ओवून देती. दारात कोण आलंय ते लांबनं कळू दे.” उजवा बिनचष्म्याचा 6/9 आला. जवळच्यासाठी चष्मा लागतोच, आणि तसाही त्यांना चष्मा दिवसभर लावायला सांगितला आहे. ज्याचा एकच डोळा नीट चालतो त्याने त्या डोळ्यापुढे न फुटणारी काच कायम ठेवावी. चुलीपुढे, उसात, कुठेही. त्या ऐकतात असं म्हणवत नाही.

स्टिरॉइडच्या गोळ्या छातीच्या डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने कमी करून इनहेलर दिला. अशा गोळ्या अनेक महिने घेतल्या असतील तर एकदम बंद करायच्या नसतात, शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलेलं असतं. ऑपरेशननंतर आम्ही डोळ्यात घालायला दिलेले थेंब स्टिरॉइडचेच होते. हे कळल्यावर मुलाने बाटली परत आणली होती: “आई याच्यानंच आंधळी झाली म्हणालात की तुम्ही!” भिंगच काढल्यावर त्यात डाग पडायचा प्रश्न उरत नाही, दाबावर मात्र लक्ष ठेवावं लागतं, आणि ऑपरेशननंतरची सूज उतरवायला थेंब थोडे आठवडेच लागतात, हे त्याला समजावून बाटली परत दिली.

वर्षभराने उजव्या डोळ्याला पुन्हा धूसर दिसू लागलं. गावात लगेच झालं, मोतीबिंदू परत आला, भिंग हलकं घातलं. मोतीबिंदू परत येत नाही. नव्या भिंगाला आधार म्हणून मूळ भिंगाचं मागचं आवरण जागेवर ठेवतात. त्यावर उरलेल्या पेशी वाढल्या की ते धुरकटतं. याग लेसरने मधोमध झरोका पाडला, काम बसल्या बसल्या झालं, नजर पुन्हा 6/9. डाव्या डोळ्याचा दाब दर चार महिन्यांनी बघतो. गेल्या वेळी 16 होता, थेंब चालू आहेत. उपाशीपोटीची साखर 140 च्या आसपास रेंगाळतेय, त्यासाठी त्यांना फिजिशियनकडे परत पाठवलंय. थोरले दीर या वेळी सोबत आले होते. त्यांचा जवळचा चष्मा म्हणे गेल्या वर्षी सुटला. बाहुली मोठी करायचे थेंब घालून त्यांना तिथेच बसवून ठेवलं.